तुम्ही कुठे काळ्या, ताई!

सोमवारी माझं पार्लर बंद असतं, म्हणून मशीनवाला सोमवारी आला. ऐरोलीत आमच्या गल्लीत टेम्पो वळत नाही, त्यामुळे त्याने आणि ड्रायव्हरने मिळून ते धूड कोपऱ्यापासून ढकलत आणलं. छोट्या फ्रिजएवढं, पांढरंशुभ्र, खाली चाकं, वर टीव्हीसारखा पडदा. शेजारच्या पोळीभाजी केंद्रातल्या काकू हात पुसत बाहेर आल्या नि म्हणाल्या, "कूलर घेतलास का गं? बरं केलंस, मार्चातच किती उकडतंय."

कूलर नव्हता, केस काढायच्या लेझरचं मशीन होतं. सेकंडहँड. घ्यायचं असं काही ठरलं नव्हतं, "नुसता डेमो बघा" म्हणून तो घेऊन आला होता.

मी १९ वर्षं दोरा ओढतेय. आयब्रो, अप्परलिप, फोरहेड, वॅक्स, फेशियल, लग्नसराईत मेकअप. दोऱ्याचं टोक दातात धरून धरून पुढच्या एका दाताला बारीक खाच पडलीय, जिभेला लागते. एवढ्या वर्षांत धंदा कमी-जास्त झाला, पण एक गिऱ्हाईक कधी चुकलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात हनुवटीवाल्या म्हणते.

हनुवटीवाल्या दुपारी येतात. अडीच ते चार, पार्लरमध्ये दुसरं कुणी नसतं तेव्हा. बसताना मोठ्याने म्हणतात, "आयब्रो करायचीय." पडदा ओढला की मान वर करून हळूच, "आणि जरा खालचंही बघा." कुणाला सात-आठ जाड केस, कुणाला जबड्याच्या कडेने थेट कानापर्यंत. लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवऱ्याला पत्ता नाही अशी एक आहे. दर पाच दिवसांनी यायची. त्यांच्याबद्दल मी बाहेर चकार शब्द काढत नाही, कारण त्यातली एक मीच. फरक इतकाच की मला पडदा लागत नाही. रात्री शटर अर्धं खाली ओढलं की आरशासमोर मीच माझी.

या बायका एकेक करून "ताई, आता लेझर घेतेय" सांगून दिसेनाशा व्हायला लागल्या, तेव्हा पोटात गोळा आला. म्हटलं, आपणच का घेऊ नये मशीन?

तर त्या माणसाने प्लग लावला, पडद्यावर सहा बायकांचे चेहरे आले. पहिली दुधासारखी, मग हळूहळू रंग उतरत सहावी अगदी काळी. "स्किन टाइप निवडायचा, बाकी सगळं मशीन बघतं," तो म्हणाला. माझ्याकडे एक नजर टाकली आणि तिसरीवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "दादा, मी त्या पाचवीसारखी आहे."

"छे हो! तुम्ही कुठे काळ्या, ताई! गव्हाळच की."

आणि मी खूश झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण झाले. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंच्या बहिणीने माझ्यासमोरच म्हटलं होतं, "रंगाने जरा दबलेली आहे, पण नाकीडोळी नीटस." ते वाक्य वीस वर्षं मनात घर करून बसलंय. कुणी मला गव्हाळ म्हटलं तर मी कशाला भांडायला जाऊ?

उजव्या नडगीवर त्याने जेल लावलं आणि हँडपीस टेकवला. पहिल्या शॉटला चटका बसला. दुसऱ्याला जास्त. तिसऱ्याला केस जळल्याचा वास आला, गॅसवर कोंबडी भाजताना येतो तसा. मी पाय ओढला तर म्हणतो, "लागतंय म्हणजे काम करतंय." हे वाक्य मी स्वतः वॅक्सच्या बायकांना शेकडो वेळा ऐकवलंय, त्यामुळे पाय परत पुढे केला. पाच शॉट झाले.

संध्याकाळपर्यंत पाच चौकोन उमटले. पोस्टाच्या तिकिटाएवढे, एका ओळीत, मध्ये बोटभर अंतर. कडा इतक्या सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. रात्री त्यातल्या तिघांवर पाण्याने भरलेले फोड आले. नणंद म्हणाली टूथपेस्ट लाव. मी नळाखाली पाय धरून बसले. फोन केला तर मशीनवाला म्हणाला, "ॲलोव्हेरा लावा, दोन दिवसांत जातं." फोड आठवड्यात बसले. मागे राहिले ते डाग, गडद चॉकलेटी, कडा तशाच सरळ.

महिन्याभराने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. सगळ्यांच्या घरात असते ती, कुणाची तरी मावशी सांगते, चेहरा उजळतो म्हणून. त्या ट्यूबमुळेच खरं तर मी डॉक्टरकडे पोचले. माझ्याकडे येणाऱ्या एका नर्सने ती काउंटरवर बघितली आणि म्हणाली, "ताई, यात स्टेरॉइड आहे. हे आधी बंद करा आणि स्किनवाल्यांना दाखवा." अशा क्रीमने चेहऱ्याची कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसायला लागतात आणि सोडलं की आणखी भडकते. माझ्याकडे फेशियलला येणाऱ्या निदान चार बायकांचे गाल तसे आहेत. नाव माहीत नव्हतं, चेहरे माहीत होते.

ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरले, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून चालत नौपाड्यात. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. पाय बघितला आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

"मीच करून घेतलं."

"कुठली वेव्हलेंथ?"

मला कुठे माहीत! वेव्हलेंथ म्हणजे लेझरच्या प्रकाशाची लहर केवढी तो आकडा, नॅनोमीटरमध्ये, हेही तेव्हाच कळलं. तिथूनच मशीनवाल्याला फोन लावला. डायोड जातीचं लेझर, आकडा ८०८. सेटिंग तिसऱ्या बाईचं. आणि आणखी एक गोष्ट तिथे कळली. हँडपीसचं टोक बर्फासारखं गार असायला हवं, म्हणजे वरची कातडी वाचते. त्याने मशीन चालू केलं आणि लगेच शॉट मारले. आतलं पाणी गार व्हायला वेळच दिला नव्हता.

मला वाटलं डॉक्टर आता म्हणतील, काळ्या कातडीवर लेझर चालतच नाही. असंच ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "चालतं, चांगलं चालतं. आपल्याकडे मी बघते ती बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारचीच असतात. ८०८ सुद्धा वाईट नाही, हात माहितीचा हवा. तुम्ही पाचव्या आहात, तुम्हाला तिसऱ्याचा डोस मिळाला, एवढंच झालं."

आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

लेझरला केस दिसत नाही, त्याला काळं दिसतं. केसाच्या मुळात जे मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, असतं ते प्रकाश शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि मूळ आतल्या आत शिजतं. ही कल्पना १९८३ साली अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी मांडली, आणि आजची सगळी मशीनं तिच्यावरच उभी आहेत. भानगड अशी की तेच मेलॅनिन कातडीच्या वरच्या थरातही असतं. गोरीच्या कातडीत ते थोडं, त्यामुळे प्रकाश सरळ मुळापर्यंत जातो. माझ्या कातडीत भरपूर, त्यामुळे तो दारातच अडतो, आणि जिथे अडतो तिथे भाजतो.

मला आमचा ऐरोलीचा टोलनाका आठवला. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, त्या सुळकन निघून जातात. ट्रक मात्र थांबतात, पैसे भरतात. कातडीतलं मेलॅनिन हा नाका समजा. ६९४ नॅनोमीटरचा रुबी लेझर, सगळ्यात जुना, म्हणजे अवजड ट्रक, जवळजवळ सगळा नाक्यावरच वसूल होतो. ७५५ चा अलेक्झांड्राइट त्याहून थोडा हलका. ८०० ते ८१० चा डायोड टेम्पो म्हणा. आणि १०६४ चा एन्डी याग ही आपली मारुती. नाका तिला फारसं विचारत नाही, शिवाय ती जाते खोल. म्हणून सावळ्या आणि काळ्या कातडीला याग सगळ्यात सुरक्षित मानतात. पण फुकट काही नसतं. नाक्याने सोडलं तसं केसाचं मूळही त्या प्रकाशाला कमीच पकडतं. म्हणून यागला जोर जास्त द्यावा लागतो, तो लागतोही जास्त, आणि बारीक, भुऱ्या केसांवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. जाड काळा केस असेल तर मात्र नेमका बसतो. हनुवटीवाल्यांचे केस नेमके तसेच असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. एक शॉट किती हजारांश सेकंद टिकतो यावर बरंच अवलंबून असतं. पापड भाजून खाली ठेवला की लगेच गार होतो, उकडलेला बटाटा सोलताना आतून हात भाजतो. कातडीचा वरचा थर म्हणजे पापड, काही हजारांश सेकंदांतच उष्णता टाकून देतो. जाड केसाचं मूळ म्हणजे बटाटा, ते धरून ठेवतं. तीच ऊर्जा जरा सावकाश, ताणून दिली तर पापडाला गार व्हायला उसंत मिळते आणि बटाटा तापत राहतो. वरून थंड हवा किंवा गार टोक. काळ्या कातडीसाठी लांब शॉट हवा, तो यामुळे. माझ्या नडगीवर आखूड शॉट जोरात बसला होता, थंडाव्याशिवाय.

मी विचारलं, मग जोर अगदी कमीच ठेवला तर? भीती नको. डॉक्टर म्हणाल्या, "मग केस मरत नाही, पैसे मात्र जातात." कधी कधी त्याहून वाईट होतं, ते पुढे सांगते.

ते सहा चेहरेही समजले. ती पट्टी थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाची, १९७५ सालची. अतिनील किरणांचा उपचार देताना कुणाला किती डोस द्यायचा ते ठरवायला त्यांनी ती बनवली. त्यात तुम्ही दिसता कशा हा प्रश्न नव्हता. उन्हात गेलात तर भाजता की रापता, हा होता. सुरुवातीला गोऱ्यांचेच चार प्रकार होते. पाचवा नि सहावा, म्हणजे आम्ही, नंतर जोडले गेलो. हे ऐकून मला हसू आलं. इथेही आम्ही मागाहून आलेल्या.

आपल्याकडची पट्टी वेगळी. गोरीपान, गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. काळी हा शब्द स्थळांच्या जाहिरातीत नसतोच. आणि गव्हाळ म्हणजे कुठला गहू, लोकवन की खपली, ते कुणी सांगत नाही. आपण समोरच्या बाईला एक पायरी वर चढवून बोलतो, ती चांगल्या वागणुकीची रीत समजतो. मीही आयुष्यभर तेच केलं. फाउंडेशन निवडताना नवरीला तिच्या रंगाहून दोन शेड वरची बाटली दाखवायची आणि म्हणायचं, "हाच तुझा शेड." फोटोत मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या रंगाचं. फाउंडेशन रात्री धुतलं की जातं. लेझरचा चौकोन जात नाही. त्या माणसाने माझ्याशी वाईट काही केलं नाही, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला आणि तेच खोटं मशीनमध्ये भरलं.

पायावर डॉक्टरांनी डाग फिकट करणारं क्रीम दिलं, सनस्क्रीन दिलं आणि सांगितलं, "वेळ लागेल." आठ-नऊ महिने लागले. मी पाठ फिरवणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हनुवटीकडे बघून विचारलं, "आणि हे किती वर्षं?"

खरं तर मी त्याच दिवशी सकाळी दोरा फिरवून गेले होते, तरी त्यांना दिसलं. पुढचे प्रश्न केसांचे नव्हतेच. पाळी नियमित येते का, वजन कधी वाढलं, डोक्यावरचे केस विरळ झालेत का, आईला होतं का. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी लिहून दिली. वयाच्या चाळिशीत कळलं की मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन आणि पाळी बिघडवणारा त्रास, बहुधा विशीपासून. १९ वर्षं बायकांच्या हनुवट्या बघितल्या आणि एकीलाही कधी विचारलं नाही, "पाळी वेळेवर येते का गं?" हनुवटीवर जाड केस ही पार्लरची गोष्ट आहे असंच मी धरून चालले होते. लेझर आज उगवलेलं मूळ भाजतं. उद्या शेजारचं मूळ जागं करणारा हार्मोन रक्तात तसाच फिरत असेल तर भाजणाऱ्याने करायचं काय?

आता वस्तऱ्याची गोष्ट.

लेझरच्या आधी महिनाभर दोरा, चिमटा, वॅक्स सगळं बंद. कारण सोपं आहे, मूळच उपटून टाकलं तर लेझरने भाजायचं कशाला? केस कापलेला चालतो, उपटलेला चालत नाही. म्हणजे दाढी करायची. मी! दोन दशकं ज्या बाईने गिऱ्हाइकांना "ब्लेड लावू नका हं, राठ होतील" असं बजावलं, तिने. (राठ होत नाहीत. ब्लेडने केसाचं टोक सपाट कापलं जातं म्हणून बोटाला खरखरीत लागतं, मूळ होतं तसंच राहतं. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होते.) पहिल्या दिवशी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, नवऱ्याच्या रेझरने केली. संध्याकाळी तो म्हणाला, "माझं ब्लेड बोथट कसं झालं?" मी म्हटलं, पायाला वापरलं. पायाला तेव्हा पाच डाग होते, त्याला पटलं. तिसऱ्या दिवशी मीच सांगून टाकलं. तो टीव्ही बघत होता. म्हणाला, "मग दोन रेझर आणू ना." एवढंच. मी वीस वर्षं शटर अर्धं खाली ओढत होते.

डॉक्टरांनी आधी कानाजवळ, जबड्याच्या टोकाला, फक्त तीन शॉट मारून पाहिले आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. मी म्हटलं, आजच करून टाका की, पुन्हा गाडीभाडं. नाही म्हणाल्या. भाजलेलं त्या रात्री दिसतं, पण आपल्या कातडीवर काळा डाग धरायचा असेल तर तो नंतर, सावकाश धरतो. पॅच टेस्ट दुपारी करून संध्याकाळी पूर्ण चेहरा करणारे लोक टेस्ट कसली करतात, मला आता समजत नाही.

सिटिंगचं सांगायचं तर डोळ्यांवर धातूचे घट्ट गॉगल, काही दिसत नाही. गार हवेची नळी हनुवटीवर सोडलेली. एक बीप, मग गरम रबरबँड ताणून सोडल्यासारखा फटका. जिथे केस दाट तिथे डोळ्यांतून पाणी. संपल्यावर आरशात बघितलं तर प्रत्येक केसाभोवती रव्याच्या दाण्याएवढी फुगवटी आली होती, लालसर. मला नडगी आठवून धस्स झालं. डॉक्टर म्हणाल्या, "हीच हवी." संध्याकाळपर्यंत बसली. चौकोन नाही, कडा नाही. नंतरचे दहा दिवस केस वाढतायत असंच वाटत राहिलं, मी मनातून खट्टू. आणि मग एका सकाळी तोंड पुसताना टॉवेलला पाच-सहा लागून आले, मुळासकट, आपोआप.

असं सहा वेळा, दर पाच आठवड्यांनी. एका झटक्यात का होत नाही, तर सगळे केस एका वेळी वाढीला लागलेले नसतात. काही झोपलेले असतात आणि झोपलेल्या केसाला लेझर काही करू शकत नाही. तो उठेपर्यंत थांबायचं. चेहऱ्यावर चार-सहा आठवडे, पायांवर त्याहून जास्त. म्हणून "पंधरा दिवसांवर लग्न आहे, फुल बॉडी करून घेऊ का?" असं विचारणाऱ्या मुलींना मी सरळ नाही म्हणते. वॅक्स कर, हळदीला उन्हात बसशील, रापशील, वरून लेझरचा चटका कशाला?

रापण्यावरून माझी चौथी सिटिंग हुकली. मे महिन्यात माहेरच्या लग्नात दोन दिवस मांडवाबाहेर उभी होते. डॉक्टरांनी चेहरा बघितला आणि परत पाठवलं. "आज तुम्ही पाच नाही, साडेपाच आहात. महिन्याने या." पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

आज काय स्थिती आहे? गेलेत का? नाहीत. दर पाच दिवसांनी दोरा लागायचा, आता महिन्याने आठ-नऊ केस, तेही मऊ. सहा-आठ महिन्यांनी एखादी सिटिंग घ्यावी लागेल, गोळ्या आणि चालणं चालू आहे. ठाणे स्टेशनबाहेर ज्या पाट्यांवर 'कायमचे घालवा' लिहिलेलं असतं त्या पाटीला मी आता हसते. अमेरिकेचं औषध खातं, म्हणजे एफडीए, लेझरवाल्यांना 'कायमची घट' म्हणायला परवानगी देतं, 'कायमचं काढणं' म्हणायला नाही. या दोन शब्दांच्या मधोमध माझे आठ-नऊ केस उभे आहेत.

मघाशी म्हटलं होतं की त्याहून वाईटही होतं. माझ्याकडे एक कॉलेजची मुलगी यायची, सावळी, गालावर आणि मानेवर नुसती लव. बाळासारखी. कुणीतरी तिला पॅकेज गळ्यात मारलं. चार सिटिंगनंतर आली तेव्हा कानाखालून मानेपर्यंत काळे, ठसठशीत केस. आधी नव्हते. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, होतं असं, याला उलटी वाढ म्हणा. चेहरा-मान, गडद कातडी, बारीक लव, त्यात हार्मोनचा घोटाळा असेल तर जास्त. पुरेशी न भाजता नुसती शेकली गेलेली मुळं जागी होतात असा अंदाज आहे. माझ्या गालाच्या लवेला त्यांनी हात लावायला साफ नकार दिला होता, तेव्हा मला राग आला होता. १९ वर्षं बायका मला विचारतात, "थ्रेडिंगने केस जाड होतात का?" नाही होत. पण मशीनने एखादीचे होऊ शकतात, हे तिच्या मानेवर बघितलं.

घरगुती यंत्रांचं वेगळंच. ती बहुतेक लेझर नसतातच, आयपीएल असतात. अनेक रंगांचा मिळून चमकणारा दिवा, नाक्यावर सगळ्याच गाड्या एकदम सोडल्यासारखा. एकीने ऑनलाइन मागवलं, पेटेचना. खराब निघालं म्हणून माझ्याकडे घेऊन आली. माझ्या हातावर टेकवलं, नाही पेटलं. मदतनीस मुलीच्या गोऱ्या पोटरीवर टेकवलं, पेटलं! त्यात रंग ओळखणारा सेन्सर होता आणि तो आम्हा दोघींना नको म्हणत होता. गिऱ्हाईक म्हणते, "हातावर पावडर लावून बघू का?" मी ते यंत्र तिच्या हातातून काढून घेतलं. त्या सेन्सरला जेवढं कळतं तेवढं मशीनवाल्याला कळलं असतं तर!

मशीन मी घेतलं नाही हे सांगायला नको. तो फोन करत राहिला, मग थांबला. कोपरखैरण्यात कुणीतरी घेतलं म्हणे. कुठल्या पार्लरने ते मी शोधलं नाही, शोधायला हवं होतं का हे अजून ठरत नाही.

हनुवटीवाल्यांना आता मी स्वतःच सांगते. आधी पाळीचं विचारते, मग तपासण्या करायला पाठवते. लेझर घ्यायचंच असेल तर जाताना शिकवून पाठवते: कुठलं मशीन, नंबर काय, ते विचार. याग आहे का विचार. पॅच टेस्ट करून किती दिवस थांबवणार ते विचार. डॉक्टर खोलीत असतील की नुसतं नाव पाटीवर, ते बघ. प्रकाशाला कातडी नाजूक करणाऱ्या डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील तर सांग, टॅटू असेल तर त्याच्यावरून फिरवू देऊ नकोस, बधिर करणारं क्रीम घरून अंगभर थापून वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नकोस, जिवावर बेतलेलं आहे लोकांच्या. आणि कुणी तुला गव्हाळ म्हटलं तर तिथल्या तिथे म्हण, नाही, मी काळी आहे. यावर बायका बिचकतात. परवा एक म्हणाली, "पण ताई, मी काळी कुठे आहे?" ती माझ्याहून एक छटा गडद आहे. मी तिचा हात माझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. दोघी बघत राहिलो. म्हणाली, "बरं. पाच."

माझ्या धंद्याचं काय, असं माझी बहीण विचारते. हनुवटीवाल्या कमी झाल्या, खरं आहे. पण वय सगळ्यांचं वाढतंय. गेल्या सिटिंगला डॉक्टर माझ्या हनुवटीवर भिंग धरून बराच वेळ बघत होत्या. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, "तीन पांढरे आहेत. मेलॅनिनच नाही, माझ्या मशीनला दिसणार नाहीत. सुई घालून करंट देऊन काढतात ते इलेक्ट्रोलिसिस पांढऱ्यावरही चालतं, हवं तर तसं करणाऱ्या कुणाकडे पाठवते. नाहीतर..." आणि हसल्या.

काल रात्री शटर पूर्ण वर होतं. काकू पोळीभाजीचा हिशेब करत बाहेर बसल्या होत्या. मी आरसा उजेडाकडे वळवला, दोऱ्याचं टोक दातात धरलं, खाचेत बरोबर बसलं, आणि तिन्ही काढले.